झटक्याची बॅटरी

कैलासनं हॉर्नचं बटण दाबलं. गळा धरलेल्या बेडकासारखा आवाज आला आणि तोही अर्ध्यात विरला. मग त्यानं मोटारसायकलला अशी लाथ घातली, की ती स्टँडवरून उलटून गाईच्या पाण्याच्या दगडी कुंडीवर आदळली. आरसा फुटला. गोठ्यातली गाय दावं ताणून उभी राहिली.

“मार, आणखी मार,” अंकिता ओट्यावरून म्हणाली. “लाथेनंच चार्ज होते बॅटरी.”

“तोंड बंद ठेव, आंके. नाई त तुलेबी एक ठेवून देईन.”

तो ठेवून द्यायचा, हे तिला माहीत होतं. तिच्या डाव्या कानामागे दादाच्या हातची एक जुनी खूण होती.

आत खाटेवर त्यांचे बाबा, बंडूजी, पडले होते. रानडुकरानं त्यांची मांडी गुडघ्यापासून वर फाडली होती. वर्ध्याच्या दवाखान्यात टाके घालून त्यांना घरी आणलं होतं, पण कूस बदलताना अजून त्यांच्या तोंडून जो आवाज निघे, तो ऐकला की कैलासच्या हाताच्या मुठी वळत.

सेलूपासून आत, बोरच्या जंगलाच्या अंगाला त्यांचं वावर होतं. फुलकोबी, वांगी आणि मधल्या पट्ट्यात भुईमूग. भुईमुगासाठी डुकरं जीव टाकतात. म्हणून कुंपणाला झटका मशीन लावलेलं होतं. बारा व्होल्टच्या बॅटरीवर ते टक-टक करत तारेत क्षणभराचा झटका सोडतं. जनावर दचकून पळतं, मरत नाही. मशीनची सोलर प्लेट वानरांनी फोडली, तेव्हापासून मोटारसायकलचीच बॅटरी दोन्ही कामं करू लागली. दिवसभर ती गाडीत बसून सेलूच्या बाजारात जायची, येताना चार्ज होऊन यायची आणि संध्याकाळी वावरात जायची. गावात अनेकांकडे हीच रीत होती. पण गेल्या पंधरवड्यात गाडीनं बॅटरी भरणंच बंद केलं. एका रात्री मशीनची टकटक थांबली, डुकरं घुसली आणि बंडूजी काठी घेऊन त्यांच्यामागे धावले.

“पाहून घेतलं मी तुयं मशीन,” कैलास म्हणाला. त्यानं गोठ्यातून वायरचं भेंडोळं आणलं आणि अंगणात आपटलं. “आज तारेत थेट लाइनच सोडतो. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून. पाहू कोणता डुक्कर येते त.”

माय, अनुसयाबाई, सुपातले दाणे पाखडत होती. तिचे हात थांबले. घरात पुरुष ओरडला की ती बोलत नसे.

“माणूस मरन, दादा,” अंकिता म्हणाली. “आनंदाबाई रोज सांजच्याले धुऱ्यावरून बकऱ्या नेते.”

“सांगून देऊ तिले.”

“अन बकऱ्यायले कोण सांगन?”

“बाबाची मांडी पाह्यली का तू? हाड दिसत होतं, हाड!” त्यानं भेंडोळ्यावर पाय आपटला. “मले रक्तच पाह्यजे त्याचं.”

अंकिता ओट्यावरून उतरली. आडवी पडलेली गाडी तिनं एकटीनं उचलून उभी केली. “दिवस बुडेलोक वेळ दे मले. गाडीची चार्जिंग सुरू करून देते. बॅटरी भरली त मशीन चालन. मंग तू लाइन नाई सोडायची.”

“तू करशीन? सेलूचा मिस्त्री म्हणते कॉइल बदला, रेग्युलेटर बदला, वायरिंग बदला.”

“त्यानं मोजलं होतं का?”

“अन बी.एस्सी. केली म्हणून तुले जमन?”

“नाई जमलं त मग तुई लाइन. हो म्हण.”

कैलासनं थुंकी टाकली. “दिवस बुडेलोक,” तो म्हणाला. मग भेंडोळं खांद्यावर टाकून तो वावराकडे निघून गेला. अंकितानं ते पाहिलं, पण त्याचा अर्थ त्या वेळी तिच्या डोक्यात शिरला नाही.

नवीन काहीच आणता येणार नव्हतं; घरातलं होतं नव्हतं ते मांडीच्या टाक्यांत गेलं होतं. कॉलेजात असताना घेतलेला मीटर मात्र तिच्याजवळ होता. तिनं बॅटरीवर मीटर लावला, गाडीला किक मारली आणि ॲक्सिलरेटर पिळला. इंजिन ओरडलं, धूर निघाला, पण मीटरवरचा आकडा हलला नाही. म्हणजे बॅटरीपर्यंत काहीच येत नव्हतं. इंजिनातल्या मॅग्नेटपासून बॅटरीपर्यंतच्या वाटेत कुठंतरी ते मरत होतं. ती वाट लांब नव्हती. कॉइल, कॉइलमधून येणाऱ्या तीन पिवळ्या तारा, त्यांचा कपलर, मग रेग्युलेटर.

बाजूचं झाकण काढून तिनं कपलर ओढला. तो सुटेना. पक्कडीत धरून पिरगाळला, तेव्हा तुकडे होऊन हातात आला. आतलं प्लास्टिक करपलेल्या गुळासारखं झालं होतं. तरी ती थेट निष्कर्षावर उडी मारणारी नव्हती. आधी कॉइल. दोन-दोन तारांमध्ये मीटर धरून तिनं पुन्हा इंजिन चढवलं. तिन्ही जोड्यांमध्ये आकडा सारखाच वर गेला. कॉइल जिवंत होती. मग रेग्युलेटर. त्याच्या पायांवर मीटरच्या सुया एका बाजूनं लावल्या की आकडा, उलट लावल्या की काही नाही. तोही बरा होता. मिस्त्री ज्या सगळ्या गोष्टी बदला म्हणत होता, त्या सगळ्या धडधाकट होत्या आणि मेला होता तो बोटाएवढा कपलर.

काऊन जळला असंल हा? हा प्रश्न तिला सोडेना. आणि मग तिला हसू आलं, कडू हसू. रात्रभर झटक्याला जुंपलेली बॅटरी सकाळी रिकामी, तहानलेली गाडीत यायची आणि गाडी सुरू झाल्याबरोबर मिळेल तेवढा करंट प्यायची. रोज सकाळी त्या नखाएवढ्या पिना लाल होत असणार. डुकरं घालवायच्या रीतीनंच डुकरांना दार उघडून दिलं होतं.

तिनं कपलर कापून टाकला. जुना पेचकस गॅसवर लाल केला आणि तारा एकमेकींना थेट पिळून कथलाचा डाख दिला. एकदा पेचकस निसटून तिच्या तळहातावर टेकला. कातडीचा वास आला. तिनं हात कुंडीत बुडवला आणि पुन्हा कामाला लागली. रेग्युलेटर जिथं चेसिसला कसला होता, तिथला रंग घासून लोखंड उघडं केलं. किक मारली. ॲक्सिलरेटर. मीटर बारावरून तेरा, तेरावरून चौदा आणि वर दोन दशांश जाऊन थांबला.

“माय!” ती ओरडली. “भरून राह्यली!”

अनुसयाबाई दारात आली. तिला आकडा कळला नाही, पण पोरीचा चेहरा कळला. “सांग जाऊन दादाले,” ती हळूच म्हणाली.

“आधी भरू दे. नुसत्या तोंडाचं तो कायले ऐकते?”

बॅटरीतलं पाणी प्लेटांच्या खाली गेलं होतं. तिनं ते भरलं, झाकणं कसली आणि गाडी काढून सेलूची एक लांब चक्कर मारली, परत आली आणि अंगणात गाडी चढत्या ॲक्सिलरेटरवर चालूच ठेवली. बॅटरी पोटात बुडबुडत होती. सकाळच्या लाथेनं गाडी पडली, तेव्हा बॅटरीतला गॅस बाहेर जायची नळी चेपून बंद झाली होती. ते अंकितानं पाहिलं नव्हतं.

ऊन तिरपं झालं, तेव्हा कैलास आला. हात चिखलानं भरलेले, खिशात पक्कड, खांद्यावर भेंडोळं नाही.

“झालं?”

“चौदा पॉइंट दोन. हे पाह्य.”

“आकडा नको दाखवू. आकडे मोबाइलबी दाखवते.” त्यानं खिशातून तारेचा तुकडा काढला. “ठिणगी दाखव.”

गावात बॅटरी अशीच पाहायची पद्धत होती. दोन टोकांवर तार घासायची; निळी, जाड ठिणगी उडाली की बॅटरी दमदार. बंडूजींनी तशीच पाहिली, कैलासनंही आजवर तशीच पाहिली होती.

“ठिणगी नको, दादा! चार्जिंगवर आहे, गॅस असते तिच्यात.”

“बाप पाहे, मी पाहून राह्यलो, काई झालं नाई. ठिणगी खोटं बोलत नाई.” तो वाकला.

तिनं त्याचा हात धरला. त्यानं कोपरानं तिला बाजूला फेकलं आणि तार टेकवली.

डब्यात सुतळीबॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. बॅटरीचं झाकण उडून कौलावर आपटलं, धक्क्यानं गाडी बंद पडली. कैलास दोन्ही हातांनी तोंड धरून गुडघ्यावर आला आणि मग किंचाळला. अंकितानं आयुष्यात दादाला किंचाळताना ऐकलं नव्हतं. तिनं त्याच्या मानगुटीला धरून फरफटत कुंडीपर्यंत नेलं आणि डोकं पाण्यात दाबलं. आंधळ्या बैलासारखा तो लढला. त्याचा ठोसा तिच्या तोंडावर बसला, ओठ फाटला. तिनं सोडलं नाही. बाहेर काढायची, पुन्हा दाबायची.

“डोये उघड! पाण्यात उघड डोये!”

“आंके...” तो पाणी ओकत म्हणाला. “लाइन... तार जोडून आलो मी.”

“काय?”

“दुपारीच. पेटीत जोडली. तुई ठिणगी बरी दिसती त जाऊन काढणार होतो, लाइन यायच्या आधी.” त्याचे दात वाजत होते. “या आठवड्यात लाइन सांजचीच येते.”

“आनंदाबाईले सांगतलं?”

त्यानं आपणहून तोंड पुन्हा पाण्यात घातलं.

अंकितानं धावत आलेल्या आईचा हात ओढून कुंडीवरच्या लोट्यावर ठेवला. “पाणी टाकत राह्य, माय. थांबायचं नाई. तो मारन त मारू दे.”

बॅटरीच्या जागी गाडीत फुटका खोका होता. पण या गाडीच्या इंजिनाची ठिणगी मॅग्नेटवरूनच घेतली जायची, बॅटरीवर नाही. किकनं ती सुरू होणार होती. दुसऱ्या किकेला सुरू झाली. ती पांदीच्या वाटेनं वावराकडे सुटली. समोरचा दिवा ॲक्सिलरेटरबरोबर भडकत होता, विझत होता. शेजारच्या वावरातल्या रूपरावांच्या विहिरीवरची मोटर गुरगुरू लागलेली तिनं ऐकली. लाइन आली होती.

वावराच्या कडेला, धुऱ्यावर आनंदाबाई होती. तिच्या पुढे एक पांढरी बकरी कुंपणाला तोंड लावून उभी होती. उभी नव्हती, ताठली होती. चारही पाय थरथरत होते आणि मानेवरच्या केसांतून धूर निघत होता. “व माय, अडकली वाटते,” म्हणत आनंदाबाई तिला ओढायला हात पुढे करून धावत होती.

अंकितानं गाडी चालती सोडून दिली. गाडी खड्ड्यात पडली आणि अंकिता आनंदाबाईच्या कमरेवर जाऊन आदळली. दोघी ढेकळांत लोळल्या.

“सोड! माही बकरी मरून राह्यली!” आनंदाबाईनं तिच्या फाटक्या ओठावरच चापट मारली.

“लाइन हाय तारेत!”

“सोड म्हणतो ना, भुतके!” ती पुन्हा बकरीकडे सरपटली. सांगून ऐकणारी ती नव्हती आणि तिला तिथं सोडून पेटीपर्यंत जाणं म्हणजे तिला मारणं होतं. अंकितानं तिच्या झिंज्या मुठीत धरल्या आणि ओरबाडे, लाथा खात तिला ओढत आपल्या विहिरीपर्यंत नेलं. मग पेटी उघडून तिन्ही फ्यूज खेचून काढले.

कुंपणाजवळ बकरी धप्पकन पडली.

आनंदाबाईनं पेटीतली नवी वायर पाहिली. तिच्यावरून नजर फिरवत ती कुंपणापर्यंत गेली, तिथून बकरीपर्यंत, तिथून आपल्या हातांपर्यंत.

“कैलासनं?” तिनं विचारलं.

अंकितानं मान डोलावली.

“उचल बकरी,” आनंदाबाई उठत म्हणाली. “त्याच्या अंगणात टाकू.”

खड्ड्यातली गाडी काढून, बकरी टाकीवर आडवी टाकून, मागे आनंदाबाईला बसवून अंकिता घरी आली. अनुसयाबाई अजून पाणीच टाकत होती. कैलासच्या गालांची कातडी पांढरी पडून सुटली होती, डोळे सुजून फटीएवढे राहिले होते.

“कोण हाय?” तो म्हणाला. “आंके? कोणी सापडलं का?”

अंकितानं त्याचा हात धरून बकरीच्या जळक्या मानेवर ठेवला. बकरी अजून ऊन होती. त्यानं हात झटकून मागे घेतला.

“मी तिले ओढायले गेलतो,” आनंदाबाई म्हणाली. “माह्या हातात अन तिच्यात एवढंच अंतर होतं.”

अनुसयाबाईनं लोटा डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं कैलासच्या थोबाडात मारली. मग पाणी टाकलं. मग पुन्हा मारली. पाणी टाकायची, मारायची. ना हात थांबला, ना तोंडातून शब्द निघाला. खाटेवरून बंडूजी “काय झालं? काय झालं वं?” विचारत राहिले.

शेवटी आईच थकून बाजूला झाली. अंकितानं कैलासच्या डोळ्यांवर ओलं फडकं बांधलं आणि त्याला गाडीवर बसवलं. वर्ध्याचा दवाखाना गाठायचा होता.

“पडशीन. धर मले.”

त्यानं चाचपत तिच्या कमरेला धरलं. तिच्या खिशात काहीतरी टणक लागलं.

“हे काय?”

“पेटीतले फ्यूज.”

“दे.”

“नाई.”

त्याचा हात वर उठला. अंकितानं मान वळवली नाही, किक मारली. गाडी हिसका देऊन निघाली आणि तोल जाऊन पडू नये म्हणून वर उठलेला तो हात तिच्या खांद्याला घट्ट धरून बसला.