पाटीवरचे दोन तास

नकाशाचे कोपरे सारखे वर उठू लागले, तसं मिनिटेसाहेबांनी एका कोपऱ्यावर मिठाची बरणी ठेवली, दुसऱ्यावर साखरेची, तिसऱ्यावर चष्म्याचं घर आणि चौथ्यावर बायकोचा शिवणाचा डबा. तिच्या हातात जावयाची उसवलेली पँट होती आणि डब्यातला दोरा तिला अजून लागणार होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मिनिटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. राष्ट्रीय उद्यानातल्या डोंगरवाटा आखून देण्याच्या कामात त्यांनी तीस वर्षं काढली. वाटेच्या तोंडाशी ‘तळे, जाऊन-येऊन दोन तास’ अशी जी पाटी असते, तिच्यावरचं मिनिट न् मिनिट त्यांनी मोजलेलं. सहकाऱ्यांनी थट्टेने नाव ठेवलं, आणि साहेबांनी ते बक्षीस मिळाल्यासारखं मिरवलं.

“शनिवारी सकाळी कुठली वाट, बाबा?” मुलीने विचारलं. शनिवार-रविवारची ही सहल तिनेच ठरवली होती. महिन्यापूर्वी तिने आईला विचारलं होतं, तुला काय बघायचंय? आई एका शब्दात म्हणाली होती, तळं. आईने स्वतःसाठी काही मागावं हे इतकं नवीन होतं, की मुलीने ते लिहून ठेवलं होतं.

“मी आणि जावईबापू तळ्याला,” साहेब पेन्सिलीने खूण करत म्हणाले. “तू आणि आई खालची पक्ष्यांची वाट. सपाट आहे. पाऊण तास.”

बायकोची सुई थांबली.

“तळ्याला मी येणार होते.”

“अगं, डॉक्टर काय म्हणाले? चढ बंद. गुडघे बघ आधी स्वतःचे.”

“आणि तुमचे?”

साहेबांचे गुडघेही काही सोन्याचे नव्हते. घराचा जिना चढताना ते दोनदा थांबत आणि थांबल्यावर भिंतीचा रंग तपासल्याचं नाटक करत.

“मी कुठे चालत जातोय? जुन्या ड्रायव्हरला फोन करून जीप सांगितलीय. मागच्या अंगाने खात्याचा रस्ता आहे, पार वर, वाट संपते त्या खांबापर्यंत. वीस मिनिटांत वर.” त्यांनी एका बारीक तुटक रेषेवर बोट फिरवलं.

बायकोने पँट मांडीवर ठेवली आणि ती रेष नीट वाकून बघितली.

“हा रस्ता कधी झाला?”

“पहिल्यापासून आहे की. तो खांब, ते सिमेंट काय मी डोक्यावरून नेलं होतं?”

त्या खांबापर्यंत ती सात वेळा चढली होती. खात्याचा नियमच तसा होता. खात्याची माणसं डोंगर चढून सरावलेली, त्यांचा वेळ पाटीवर कसा चालेल? म्हणून घरचं कुणीतरी साधं माणूस सोबत न्यायचं, त्याच्या चालीने मोजायचं. वाटेत बसायचं नाही. खांबाला हात लावायचा, मागे फिरायचं. उन्हाळ्यात, पावसाळ्यात, धुक्यात. पाटीवरचे ते दोन तास साहेबांचे नव्हतेच, तिच्या पायांचे होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा नवऱ्याच्या काखेत होता आणि वळसा बायकोच्या नशिबी.

“मग आईलाही घ्या ना जीपमध्ये,” मुलगी म्हणाली.

“पुढे एकच जागा आहे. मागे अवजारं असतात, तिथे मी कसाबसा बसेन. आणि तिने सात वेळा बघितलंय तळं. जावयाने एकदाही नाही.”

“मी बघितलेलं नाही,” बायको म्हणाली.

साहेब हसले. “म्हणे बघितलेलं नाही! सात वेळांची नोंद आहे माझ्या वहीत.”

“नोंद खांबाची आहे. तळं खांबाच्या पुढे, त्या खडकांच्या पलीकडे. पन्नास पावलं. दर वेळी मी म्हणायचे, एवढं बघून येते. तुम्ही म्हणायचात, वेळ बिघडेल.” तिने मुलीकडे पाहिलं. “चौथ्या खेपेला तू पोटात होतीस. तिसरा महिना. अर्ध्या वाटेवर मला उलटी झाली. आणि हे हातात घड्याळ धरून उभे. नंतर मला म्हणाले, काळजी करू नकोस, तीन मिनिटं वजा केलीत.”

मुलगी वडिलांकडे बघत राहिली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांना खरोखरच वाटत आलं होतं, की बायकोने तळं पोटभर बघितलंय. त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं, एवढंच.

“बरं, चल मग,” ते अखेर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरा ओलावा होता. “जावई येतील खालून चालत. पुढे तू बस. बघ तळं.”

तिचा चेहरा उजळला. इतकी वर्षं मनात धरलेली गोष्ट हातात येत होती आणि तिला राग धरवेना. ती खुर्ची ओढून नकाशाजवळ सरकली.

“काठाला बसायला जागा आहे?”

“आहे ना, सपाट दगड आहेत.” साहेब उत्साहाने समासात लिहू लागले. जाणे वीस मिनिटे. येणे वीस मिनिटे. मधल्या जागेत पेन्सिल थोडी रेंगाळली, त्यांनी सवयीने मनगटाकडे पाहिलं आणि नेटक्या अक्षरात लिहिलं: थांबा, पंधरा मिनिटे.

बायकोने ते वाचलं. मग कोपऱ्यावरचा आपला शिवणाचा डबा उचलला. नकाशाचा तो कोपरा गुंडाळत आला आणि तळ्यावर जाऊन पडला.

“तुम्हीच जा जावयाला घेऊन,” ती म्हणाली. “माझ्या वाटणीची पंधरा मिनिटंही बसून या.”

“अगं, पण आत्ताच तर—”

“आम्ही दोघी पक्ष्यांच्या वाटेला जाऊ.” तिने दोरा घेतला, सुईच्या नेढ्यात एका फटक्यात ओवला. “पाटीवर पाऊण तास आहे ना? आम्हाला दिवस लागेल.”

“आणि रविवारी?” मुलीने हळूच विचारलं.

“रविवारीही तीच वाट,” ती म्हणाली आणि जावयाची पँट पुन्हा शिवायला घेतली.