न थरथरलेला फोन

मोतीबिंदूनं तवनाप्पांची नजर अधू झाली होती, जिभेचं मात्र काहीच बिघडलं नव्हतं. चातुर्मासात जैनांच्या घरी कंदमुळं बंद. त्यात पद्मावतीअक्कांनी मंदिरात सगळ्यांदेखत सांगून टाकलेलं, "आमच्या ह्यांनी बटाटा सोडलाय." आता म्हातारा बटाट्यासकट सापडला असता, तर अक्कांना तासगावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

विश्रामबागेत शिकणाऱ्या सम्मेदनं, म्हणजे नातवानं, आजोबांना बोलका फोन करून दिला होता. बोट लागलं की तो स्क्रीनवरचं नाव मोठ्यानं वाचायचा. एकदा जेवताना खिशातूनच ठणठणीत आवाज आला, "बटाटावडा, एक प्लेट." तवनाप्पांनी जाहिरातवाल्यांच्या नावानं बोटं मोडली.

"ह्येचं त्वांड बंद कर गड्या," त्यांनी सम्मेदला गाठून सांगितलं. "नुसतं बोटाला कळू दे."

सम्मेदनं हसत हसत एक मोठं बटण स्क्रीनच्या तळाशी आणून ठेवलं. दाबलं की वडेवाल्याकडं मागचीच ऑर्डर पुन्हा जायची आणि फोन थरथरून पोच द्यायचा. वडे बेदाण्याच्या शेडमागं यायचे. श्रावण सुखात सरत होता.

त्या दिवशी सुंदरीबाई बसायला आल्या. नियमाच्या इतक्या पक्क्या, की शेजारच्या घरातला कांदा त्यांना आपल्या घरात कळायचा. तवनाप्पांनी पंच्याखाली बटण दाबलं. फोन थरथरेना. अंगठा चुकला असेल म्हणून पुन्हा दाबलं, मग चिडून दाबतच राहिले. बॅटरी उतरली की फोन थरथरायचा थांबतो, ऑर्डर मात्र बिनबोभाट घेत राहतो, हे सम्मेदनं सांगितलंच नव्हतं.

थोड्या वेळानं वडेवाला अमृत दोन्ही हातांत पिशव्या घेऊन थेट पुढच्या दारी आला. एवढे वडे म्हणजे घरात कार्यक्रमच, असं बिचाऱ्याला वाटलं.

"अक्का," पिशव्या टेकवत तो म्हणाला, "आज तुमचं आनि आज्जांचं एकदमच मागिवलंसा व्हय?"

तवनाप्पा स्वतःची लाज विसरूनच गेले. "समदं माजंच हाय," ते घाईनं म्हणाले. "हिला कायबी ठावं न्हाई."

"आता खोटं बोलून आनखी पाप कशाला?" अक्का उठल्या आणि पाहुणीकडं वळल्या. "सुंदरीबाई, सांगा गावभर, काय सांगायचं ते."

सुंदरीबाईंनी एकवार रस्त्याकडं बघितलं.

"आदी दार लावा," त्या म्हणाल्या. "आनि तळलेली मिरची दिलीया का बघा."