पॉलिशखालचा टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. विजेवर धावणाऱ्या एका वेगवान गाडीचा, मागचा उजवा. मला मऊ रबरापासून घडवले. रस्ता घट्ट धरून ठेवणे एवढेच माझे शिक्षण.

विजेची मोटर पहिल्या क्षणीच सगळा जोर माझ्या अंगावर टाकते. मी घसरलो, तर त्या जोराचा नुसता धूर होतो. म्हणून पाव मैल कापायला लागणारी वेळ आधी माझी ऊब, हवा आणि रस्त्याची पकड यांवर ठरते; मग बॅटरीवर. ती भरलेली व कोमट असेल तर सढळ हाताने देते. अर्धी रिकामी किंवा गार असेल तर हात आखडता घेते. उरते वजन : गाडी जितकी हलकी, तितकी चपळ. हे शास्त्र स्वच्छ आहे. घाण माणसांनी केली.

चाचणीच्या दिवशी विक्रीसाहेबांनी गाडीची मागची सीट काढायला लावली. धावपट्टीला चिकट द्रव फासला. त्यात उभे राहताना मला शिसारी आली. शिवाय गाडी एक फूट पुढे सरकल्यावरच घड्याळ सुरू केले. आकडा आला दहा पूर्णांक चार सेकंद. साहेबांनी माझ्यावर प्रेमाने थाप मारली. तिची किळस अजून गेलेली नाही.

आकड्यावर सही लागायची चाचणी विभागाच्या बाईंची. त्यांनी पेनाचे टोपणही काढले नाही.

"अहो बाई, तो एक फूट सगळेच सोडतात!"

"मग तसं छापा ना. आणि हे टायर गिऱ्हाइकाला देणार आहात का?"

"बारीक अक्षरं कोण वाचतं? सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"सीट बसवा, विकायच्या गाडीचे टायर लावा, गाडी हलली की घड्याळ लावा. येईल त्या आकड्यावर सही करते."

मला उतरवले. कडेला पडून मी पाहिले : अकरा पूर्णांक एक. बाईंनी सही केली. साहेबांनी तो कागद चुरगाळला आणि बाईंचे ओळखपत्र काढून घेतले.

जाहिरातीच्या पाटीवर आकडा रंगला दहा पूर्णांक चारच. विक्रीदालनात त्या पाटीखाली, विकायच्या गाडीशेजारी मला उभे केले आहे. रोज सकाळी मला काळे पॉलिश चोपडतात. काल एक जोडपे आले.

"अहो, पण या गाडीचे टायर तर वेगळे दिसतात," बायको म्हणाली.

विक्रेत्याने लगबगीने माझ्यापुढे कुंडी सरकवली.

मित्रांनो, असा आकडा दिसला की विचारा : टायर कोणते, बॅटरी किती भरलेली, घड्याळ कुठून लावले? आणि माझी कीव आलीच, तर हे पॉलिश तेवढे पुसा. माझी झीज दिसू द्या. ती मी खरोखर धावून मिळवली आहे.