शंभराव्या दिवसाआधीची मोजणी

इलाइतिया गेला आणि गावाने रिवाजाप्रमाणे त्याच्या नावाने बेटासमोरचा प्रवाळाचा पट्टा बंद केला. शंभर दिवस तिथे गळ नाही, जाळं नाही. शंभराव्या दिवशी पट्टा उघडायचा, मासे धरून गावजेवण घालायचं, आणि त्याच दिवशी त्याच्या बायकोचा दुखवटा संपायचा. तोवर तराइविनीने काळंच नेसायचं, केस कापायचे नाहीत, बेट सोडायचं नाही. तिकडे सावुसावू गावी लेक बाळंत झाली, नातू दोन महिन्यांचा झाला, आणि आजीने अजून त्याचं तोंड पाहिलं नव्हतं!

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी ती मोजणीला पाण्यात उतरली. पूर्वी नवराबायको मिळून प्रवाळ मोजायची. टेपचं एक टोक तो धरायचा, दुसरं ती. आता तिने एक टोक दगडाला बांधलं. दगड काही चिडवत नाही. इलाइतिया मात्र पाण्यातून डोकं वर काढताच हमखास म्हणायचा, "तुझे आकडे चुकीचे!" लबाड कुठला, त्या बोलण्याचीसुद्धा सवय लावून गेला.

खाली पाहते तर काय, निम्म्याहून जास्त प्रवाळ पांढरंफटक! महिनाभर पाणी तापलं होतं, त्याचा हा प्रताप. प्रवाळात अजून जीव होता. पण शेवाळ खाणारे मासे आत्ता धरले, तर शेवाळ माजून सगळं गुदमरणार. हे तिला कळत होतं, गावात दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती. मोजणी टिपायच्या पाटीवरचे दोन आकडे बदलले असते, तर परवा ती सावुसावूला जाणाऱ्या बोटीत बसली असती.

संध्याकाळी ती सभेला गेली. जेवणासाठी दालोचे कंद येऊन पडले होते, नव्या चटया विणून झाल्या होत्या. तिचा दीर सकिउसा, गावचा मुखिया, यंगोना पेयाची करवंटी खाली ठेवून हसला. "काय वहिनी, बोचकं बांधलं का?"

"बांधलंय. पण भावजी, पट्टा उघडू नका. पाणी निवेपर्यंत तरी नाही."

"अहो, म्हणजे चार महिने! आणि तुमचा दुखवटा?"

"पट्टा उघडेल तेव्हा संपेल."

"हौस आहे हिला काळं नेसायची," मागून एक बाई पुटपुटली आणि चटई गुंडाळू लागली. सकिउसाने पट्ट्यावरची बंदी वाढवली.

घरी येऊन तराइविनीने लेकीला फोन लावून सगळं सांगितलं. मेरेवाई भडकलीच. "आई, तू सांगितलं नसतंस तर कुणाला कळणार होतं गं? थांब, तूच सांग याला." आणि तिने फोन बाळाच्या कानाशी धरला.

तराइविनीला खूप सांगायचं होतं. "बाळा," एवढंच ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.