एकाच आडनावाची दोन घरं

मिस्त्रींचं खरं आडनाव ऐकलं की माणसं हमखास विचारायची, "काय म्हणालात?" लिफ्ट दुरुस्तीच्या कामात त्यांनी उभा जन्म काढला, म्हणून सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे. शेकडो इमारतींत गेले, तळमजल्यावरच्या टपालपेट्यांवरची नावं वाचायची खोडच जडली, पण आपल्या आडनावाची पेटी कुठे दिसली नाही. वडील म्हणायचे, "आपण एवढेच आहोत. उगाच डोकं शिणवू नकोस."

बायको गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा मिस्त्रींनी डोकं शिणवायला घेतलं. काम सुटलं की नखांतलं वंगण तसंच घेऊन ते दप्तरखान्यात जाऊन बसायचे. एका जागी सगळं मिळेल तर शपथ. जन्ममृत्यूची नोंद नगरपालिकेच्या तळघरात, मतदारयाद्या कचेरीच्या माळ्यावर, जुन्या मजुरांचे कागद बुडालेल्या कंपनीच्या गोदामात. त्यातून प्रत्येक कारकुनाने हे आडनाव आपापल्या कानाने लिहिलेलं. एक ऱ्हस्व लिहिणार, दुसरा दीर्घ, तिसरा मधलं अक्षरच गिळणार.

"पुन्हा आलात?" दप्तरखान्यातल्या बाई एकदा हसून म्हणाल्या. "घरी कोणी वाट बघत नाही वाटतं."

"नाही," मिस्त्री म्हणाले.

बाईंचा चेहरा उतरला. त्यानंतर त्या न सांगता खिडकीजवळची खुर्ची मोकळी ठेवू लागल्या.

दुसऱ्या एका शहराच्या जन्मनोंदीत अखेर ते आडनाव भेटलं. एका मुलीचा जन्म. बापाच्या रकान्यात मिस्त्रींच्या आजोबांचं नाव, आडनावासकट. आजोबांनी आजीशी लग्न केलं त्याच्या आधीची नोंद होती. मिस्त्री कितीतरी वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. आजोबांचं आधी एक घर होतं आणि ते त्यांनी वाऱ्यावर सोडलं होतं, एवढाच अर्थ निघत होता. ती मुलगी अजून हयात असल्याचं मतदारयादीवरून कळलं. लग्न केलेलं नसावं, कारण आडनाव तेच होतं.

ती तिसऱ्या मजल्यावर राहत होती आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. मिस्त्री धापा टाकत पोचले. दार उघडलं ते एका काटक म्हातारीने, गळ्यात मोजपट्टी. आयुष्यभर तिने शाळेत मुलींना शिवणकाम शिकवलं होतं.

"कोण पाहिजे?"

"तुमच्या वडिलांचा मी नातू."

दार बंद झालं. मिस्त्री पायरीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने कडी वाजली.

"जिने चढून आलायस. पाणी पी आणि जा."

पाणी पिऊन झालं तरी तिने त्यांना उठवलं नाही. ती मशीनपाशी बसून बोलत राहिली, मिस्त्रींकडे न बघता. ती रांगत होती तेव्हा तिचे वडील बोगद्याच्या कामावर गेले. थोडे दिवस पैसे आले, मग बंद झाले. आईने बरीच चौकशी केली. काही वर्षांनी कोणीतरी सांगितलं, अमुक शहरात या नावाचा माणूस बायकोसोबत राहतो.

"आई मला घेऊन गेली," ती म्हणाली. "घर सापडलं. आम्ही समोरच्या फुटपाथवर उभ्या. वर एक बाई कपडे वाळत घालत होती, कडेवर मूल होतं."

"ते माझे वडील असतील," मिस्त्री हळूच म्हणाले.

"असतील. आई म्हणाली, चल. दार काही वाजवलं नाही तिने. परतीच्या गाडीत सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून बसली. पुढे कोणी विचारलं तर सांगायची, नवरा मेला. आणि रात्रंदिवस त्या जिवंत माणसाला शिव्या घालायची. शिव्या घालतच गेली."

मिस्त्रींना मान वर करवेना. निघताना ते म्हणाले, "मी पुन्हा येऊ का?"

"मी नको म्हटलं तर यायचा थांबणार आहेस?"

ते जात राहिले. ते तिला आत्या म्हणू लागले आणि तिने हरकत घेतली नाही. हळूहळू तीच विचारू लागली. आवाज कसा होता त्यांचा? हसायचे का? जेवताना बोलायचे? मिस्त्रींना आठवेल तेवढं ते सांगत. आजोबा शेजाऱ्यांच्या छत्र्या फुकट दुरुस्त करून द्यायचे. एकच विनोद वर्षानुवर्षं सांगायचे आणि शेवटाला पोचायच्या आधीच स्वतः हसत सुटायचे. अंधाराला भ्यायचे, त्यांच्या खोलीत दिवा जळत असायचा. आत्या मशीन थांबवून ऐकायची. एकदा तर तोंडाला पदर लावून खुदखुदली आणि म्हणाली, "माझ्या वाटणीचं हसणं तुम्ही लोकांनी खाल्लंत, बाळा." पण त्यात कडवटपणा नव्हता. मिस्त्रींनाही कोणीतरी बाळा म्हणून जमाना लोटला होता. त्यांनी तिच्या दाराची कुरकुरणारी बिजागरी बदलली, खिडकी नीट बसवली. कधी नव्हे ते दोघांनाही बरे दिवस आले होते.

एका दुपारी बोलता बोलता मिस्त्री म्हणाले, "आजोबांना घड्याळाला किल्ली द्यायला स्टूल लागायचं. आजीच्या खांद्यालाच तर लागायचे ते."

आत्याचा पाय मशीनच्या पायट्यावर थबकला. "बुटके होते?"

"चांगलेच."

"आई म्हणायची, ते या दारातून वाकून आत यायचे."

दोघांनी दाराकडे बघितलं. मिस्त्री स्वतः ताठ उभे राहिले तरी चौकट वीतभर वर राहायची.

"आवडता माणूस उंचच वाटतो," आत्या म्हणाली आणि पुन्हा शिवू लागली. पण टाके वाकडे पडत होते.

मिस्त्रींनी ते सोडून द्यायला हवं होतं. तसं त्यांनी स्वतःला बजावलंही. पण बिघाड कळल्यावर लिफ्ट तशीच चालू ठेवायची, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. बोगद्याचं काम त्या बुडालेल्या कंपनीचंच होतं, ते तिच्या गोदामात गेले. धुळीने शिंकत, चाळत बसले. तो बोगदा एकदा कोसळला होता, त्या दिवसाचे कागद निघाले. वाचलेल्यांत आजोबांचं नाव होतं. मजुरी घेऊन काम सोडलं, पुढचा पत्ता नाही. मेलेल्यांत एक उंचापुरा माणूस होता. चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला, म्हणून खिशातल्या बिल्ल्यावरून नाव लावलेलं. ते नाव मिस्त्रींच्या ओळखीचं होतं.

घरात कोणी नाही असं वाटलं की आजी आजोबांना याच नावाने हाक मारायची. पोरांना वाटायचं, लाडाचं नाव असेल.

पुढचं शोधायला फार वेळ लागला नाही. त्या नावाचा एक शिपाई पलटणीतून पळालेला होता आणि दिसेल तिथे धरावा असा हुकूम होता. त्याने ढिगाऱ्याखालच्या सोबत्याचा बिल्ला काढून घेतला, आपला त्याच्या खिशात घातला आणि दुसऱ्याचं नाव पांघरून चालता झाला. त्या सोबत्याला घरी रांगती मुलगी आहे, हे त्याला ठाऊक होतं की नाही, ते कुठल्याच कागदात नव्हतं.

मिस्त्री दोन आठवडे आत्याकडे गेले नाहीत. मग गेले आणि सगळं सांगून टाकलं, उभ्यानेच.

"म्हणजे त्यांनी आम्हाला टाकलं नव्हतं," शेवटी ती म्हणाली.

"नाही."

"आणि छत्र्या, तो विनोद, ते दिव्याचं..."

"ते माझ्या आजोबांचं."

तिने मोजपट्टी गळ्यातून काढली, बोटांवर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"आईने दार वाजवलं असतं तर तुमचा आजोबा समोर आला असता. तिने एका नजरेत ओळखलं असतं, हा माझा माणूस नाही." तिने पट्टी मशीनवर ठेवली. "मी सात वर्षांची होते. वाजवू का, म्हणून मीच विचारलं होतं. तिने माझा हात घट्ट धरून ठेवला."

मिस्त्री एक पाऊल पुढे आले.

"तुम्ही आता या," ती म्हणाली.

तिने त्यांना तुम्ही म्हटलं, हे जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं. तिथेच कठड्याला धरून ते उभे राहिले.

महिनाभराने तिचा फोन आला. "मला तिथे घेऊन चला." बसने दोघं गेली. बोगद्याच्या तोंडापाशी उतारावर मेलेल्या मजुरांना पुरलं होतं आणि एका दगडावर सगळ्यांची नावं होती, शेवाळलेली. मिस्त्रींनी रुमालाने ती ओळ पुसली. आत्याने चष्मा सावरून परकं नाव वाचलं. मग ती दगडाच्या बाजूला गवतावर बसली आणि पिशवीतला स्वेटर काढून मांडीवर ठेवला, जणू कोणाला थंडी वाजेल. इतक्या मोठ्या मापाचा स्वेटर मिस्त्रींनी कधी पाहिला नव्हता. ती रडली नाही. वारा सुटला तेव्हा तिने तो पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवला.

दगडावरचं नाव बदलावं म्हणून मिस्त्री कचेरीत गेले. कारकून शांतपणे म्हणाला, "नोंदीत जो मेलाय त्याच्या वारसाने अर्ज करायचा."

"तो वारस मीच आहे."

"तुमचं आडनाव तर निराळं आहे."

"तेच तर सांगतोय."

कारकुनाने त्यांच्याकडे बघितलं, मागच्या माणसाला पुढे बोलावलं. मिस्त्री पुन्हा गेले, आणखी दोनदा गेले. शेवटी अर्ज घेतला गेला.

आत्याकडे ते जातच होते. ती चहा द्यायची, बिजागरीला तेल घालून घ्यायची, अर्जाचं विचारायची. बाळा म्हणाली नाही. तेही आत्या म्हणायला कचरायचे, बाई म्हणायचे. एकदा तिने विचारलं, "तुमचे आजोबा सुखाने गेले का?"

"झोपेत गेले."

"बरं," ती म्हणाली आणि दोरा ओवू लागली. सुईचं भोक तिला सापडत नव्हतं. मिस्त्रींनी हात पुढे केला, पण तिने सुई दिली नाही.

थंडीत ती गेली. अर्जाचं उत्तर तोवर आलेलं नव्हतं.