दारातलं पाणी

धसकटं वेचून वेचून साळूबाईची बोटं सोलली होती. ऊन असं की ढेकूळ हातात धरवत नव्हतं. त्यात सासूचं, सोनूबाईचं तोंड सकाळपासून चालूच.

"पोरीला जालन्याला धाडून राह्यली म्हनं! गिरजावाल्याच्या बोर्डिंगात! चार बुकं शिकली, बास झालं. उद्या बाटून आली म्हंजी कोन पदरात घेईन तिला?"

"आत्याबाई, हितं चौथीच्या म्होरं शाळा हाय का? का माह्यावानी धसकटं वेचायला ठिवू तिला?"

"वेचली तर काय झालं? तुही मान मोडली का वेचून?"

साळूबाईचा नवरा बद्रीनाथ वखर धरून बैलांमागं चालला होता. आई अन् बायकोच्या मधे पडायचं म्हणजे अडकित्त्यात सुपारी व्हायचं, हे तो लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकला होता. त्यानं बैलांना हाळी दिली अन् तास धरून पुढं गेला.

आमचं गाव हसनाबादेच्या पलीकडचं. साल शहाऐंशी. गावात शाळा होती, पण मास्तर सणावाराला पाहुणा यावा तसा यायचा. पोरं शिकली ती गावकुसाबाहेरच्या गिरजात. पत्र्याची एक खोली, वर क्रूस, अन् आत उषाबाई. तिच्या आजेसासऱ्यानं ख्रिस्ती धर्म घेतला, पण गावाच्या लेखी ते घर विटाळाचं होतं ते विटाळाचंच राहिलं. पोरं मात्र साऱ्या गावाची तिच्यापुढं बसायची. पाढे पाहिजेत, अक्षर पाहिजे, बाई नको, अशी आमच्या गावाची अक्कल.

गिरजातून आलेलं पोर उंबऱ्याबाहेर थांबायचं. घरातली म्हातारी तांब्याभर पाण्यात गोमूत्राचे दोन थेंब टाकायची अन् लिंबाच्या डहाळीनं पोराच्या अंगावर शिंपडायची. मग पोर आत. घरोघर हेच. हात धुतल्यासारखं ते सवयीचं झालं होतं.

त्या दिवशी सगळी रानातून नुकतीच घरी आली होती. कांता, साळूबाईची पोरगी, नाचतच आली, उषाबाईचा हात धरून. जालन्याच्या बोर्डिंगात मुलींची एकच जागा होती अन् ती कांताला मिळाली, हे सांगायला बाई स्वतः आली होती. बद्रीनाथ घोंगडी घेऊन ओसरीवर आला.

"या बाई, बसा..."

सोनूबाई सवयीनं तांब्या घेऊन दारात आली अन् बाईला बघून जागीच थबकली. कांता मात्र रोजच्या जागी उभी राहिली. हात पसरले, डोळे मिटले. पाणी येईना तसा एक डोळा उघडून म्हणाली,

"बाई, तुमी बी उभ्या ऱ्हा माह्याजवळ. आज्जी पानी टाकती. मंग आत येता येतं."

सोनूबाईनं तांब्या पदराआड घेतला. बद्रीनाथची घोंगडी हातातच राहिली. धरणीनं पोटात घ्यावं असं साळूबाईला झालं.

उषाबाईनं कांताच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आज बसत नाही मी. कांताची जागा झाली. सोमवारी सकाळच्या गाडीनं निघू. कपडे अन् एक पांघरूण द्या बरोबर."

एवढं बोलून ती गेली. बद्रीनाथनं सगळा राग पोरीवर काढला.

"तोंड बंद ठिवता येत न्हाई व्हय तुला?"

"मी काय केलं, दादा?" कांता रडत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साळूबाई पोरीला घेऊन गिरजामागच्या घरी गेली अन् दारातच हात जोडून उभी राहिली.

"बाई, चुकलं आमचं. पोरीची जागा तेवढी काढू नका."

"आधी आत या."

साळूबाई पहिल्यांदाच त्या घरात शिरली. बाईनं चहा टाकला.

"जागा कशाला काढू? अन् मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे, साळूबाई. पोरं सगळं सांगतात. एक पोर थंडीत म्हणालं, बाई, जल्दी सोडा, ऊन हाय तवर भिजलेलं बरं."

"मंग तरी शिकिवलं तुमी?"

"पोरं येत होती ना. त्यांना माघारी कशी लावू?" उषाबाईनं चहाचा कप तिच्यापुढं ठेवला. "मला वाटायचं, आता सवय झाली. काल तुमच्या दारात कळलं, नाही झाली."

साळूबाईला रडू आवरेना. चहा मात्र तिनं शेवटच्या घोटापर्यंत प्याला. परतताना तिनं मनाशी ठरवलं, आज आत्याबाईपुढं बिलकुल गप बसायचं नाही. तो तांब्याच उकिरड्यावर फेकायचा.

घराशी आली तर आळीतल्या चार बाया जमलेल्या. सोनूबाई डहाळी घेऊन उंबऱ्यात उभी.

"गिरजावालीच्या घरात गेल्तीस नव्हं? च्या बी पेली असशीन. थांब तिथंच."

साळूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो खाली मान घालून जू बांधत होता. तिनं आळीकडं पाहिलं. उंबऱ्याबाहेर, पोरीच्या रोजच्या जागी ती उभी राहिली.

कांता शेजारी येऊन उभी राहिली अन् तिनं आईचं बोट धरलं.

"आई, डोळे गच मीट," ती हळूच म्हणाली, "मंग झोंबत न्हाई."