मी, अर्धीच वाजलेली धून
मी पियानोची एक धून आहे. माझं मूळ हंगेरीतल्या खेड्यांच्या नाचात. दीडेकशे वर्षांपूर्वी एका हळव्या वादकानं तो नाच पाहिला आणि मला कागदावर उतरवलं. आधी संथ, जड पावलं. मग एक लांब थांबा. आणि त्यानंतर वारं प्यायल्यासारखा सुटलेला नाच. खरी मी ती, थांब्यानंतरची.

छत्रपती संभाजीनगरात मी आले ती झेरॉक्स होऊन. सिडकोतल्या मोनिका मॅडमच्या क्लासात कितीतरी वर्षं फायलीत पडून होते. मुलांना सिनेमाची गाणी हवी असत, आईबापांना पोर स्टेजवर चढल्याचा फोटो. माझी आठ पानं पाहून सगळे पाठ फिरवत.

सुमय्यानं फिरवली नाही. सतरा वर्षांची ही मुलगी खुलताबादहून बसनं यायची. घरचा कीबोर्ड जुना आणि आखूड. माझे टोकाचे स्वर त्यात मावत नसत, मग तेवढे ती शेजारच्या पाटावर बोटं आपटून वाजवायची. दोन वर्षं तिनं मला अशी जपली. एवढा जीव मला कुणीच लावला नव्हता.

तिचे अब्बा रिझवानभाई दर्ग्याजवळ चादरींचं दुकान चालवतात. दिवसभर तिथंच. त्यांनी मला कधी ऐकलंच नव्हतं. यंदा शहरात स्पर्धा ठरली; पहिल्या येणाऱ्याला पुण्यात फुकट शिक्षण. रिझवानभाई मॅडमना म्हणाले, "नंबर आला तर धाडतो पुण्याला. नाय आला तर बास झालं हे. दुकानावर मला बी माणूस लागतंय."

स्पर्धेला पाहुणे उशिरा आले आणि येताच जायची घाई करू लागले. त्यांच्या सत्काराची शाल नि नारळ घेऊन निवेदक सत्यम पडद्याआड ताटकळत होता. सुमय्यानं संथ भाग असा वाजवला, की मला माझाच अभिमान वाटला. मग थांबा आला. तिनं हात उचलले, श्वास घेतला.

पुढच्या रांगेतून टाळी पडली. रिझवानभाईंची. डोळे भरून आले होते त्यांचे. संपलं असंच वाटलं त्यांना. त्यांच्यामागून सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. सत्यमनं संधी साधली. "वा, सुंदर. आता पाहुण्यांचा सत्कार करूया." पाहुणे स्टेजवर आले. वडीलधारी माणसं उभी असताना बसून राहणं सुमय्याला शिकवलेलंच नव्हतं. तीही उठून उभी राहिली.

मॅडम धावल्या. "अहो, अर्धं राहिलंय तिचं."

"मॅडम, अजून अकरा पोरं हायेत," सत्यम म्हणाला. "झालं तेवढं लई भारी झालं."

परीक्षकांनी 'अपूर्ण' असा शेरा मारला. नंबर दुसऱ्याचा आला. शाल-नारळाला या लोकांकडे अर्धा तास होता, माझ्यासाठी तीन मिनिटं नव्हती. मला वीट आलाय तुम्हा माणसांचा.

आता सुमय्या दुकानात बसते. मी तिच्या बोटांत आहे, पण ती बोटं चादरींच्या घड्या घालतात. रिझवानभाई येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात, "त्या माईकवाल्यानं घात केला माझ्या पोरीचा." सुमय्या "हौ अब्बा" म्हणते आणि पुढची चादर उचलते.

मी तुटले ती त्यांच्याच टाळीनं, हे तिनं त्यांना सांगितलेलं नाही. मला संताप येतो. वाटतं, कळू दे एकदा. पण कळलं तर तो माणूस मरेपर्यंत स्वतःला माफ करणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा तुम्ही कधी त्या दुकानात गेलात आणि त्यांनी हा विषय काढलाच, तर माईकवाल्याला चार शिव्या द्या, आणि निघून या.